हद्दीबाहेरचा साहेब

१

अंबाजीचं प्रेत मंगळवारी सकाळी सापडलं. हरिहरेश्वरच्या डोंगरामागे, खडकांच्या घळीत. ओहोटीला कालवं काढायला गेलेल्या बायकांनी पाहिलं आणि टोपल्या तिथेच टाकून त्या वर पळत आल्या.

दुपारपर्यंत पंचनामा उरकलासुद्धा. ‘प्रदक्षिणा घालताना पाय घसरून, लाटेने ओढले जाऊन मृत्यू.’ जमादार बार्शीकडचा, बदलीवर आलेला. दर दोन-तीन वर्षांनी एखादा पर्यटक त्या वाटेवर मरतो हे त्याने ऐकलं होतं. त्यात आणखी एक घातला आणि जेवायला गेला.

मी धर्माजी. एकतीस वर्षं कोर्टात बेलिफ होतो. बेलिफ म्हणजे समन्स घेऊन लोकांच्या दारात उभा राहणारा माणूस. माझं तोंड बघून कुणाला कधी आनंद झाला नाही, आणि मलाही लोकांच्या दारात फारसं काही चांगलं दिसलं नाही. खोटं मात्र चिक्कार ऐकलं. घरात बसलेला नवरा ‘मुंबईला गेलाय’ म्हणून सांगणाऱ्या बायका मी शेकड्याने पाहिल्यात. त्यामुळे निवृत्त झालो तरी लोक मला अशा वेळी बोलावतात.

या वेळी डॉक्टर सोनलबाईंचा फोन आला. बारा खाटांचं त्यांचं हॉस्पिटल, देवळापासून दोनेक किलोमीटरवर. अंबाजी त्यांच्याकडे केसपेपर सांभाळायचा.

“धर्माजीकाका, अंबाजी गेले,” त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, “आणि कपाटातला तो कागदही गेलाय. परवा तारीख आहे.”

२

तो कागद काय, हे आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

अंबाजीच्याच वाडीतली सोनाबाई, नवरा वारलेली. तिचा एकुलता एक मुलगा साहिल, तेवीस वर्षांचा, स्वतःचा टेंपो चालवायचा. टेंपो उलटला तो वापीजवळ. विमाही वापीत काढलेला, आणि ती अभयदीप विमा कंपनी अहमदाबादची. पॉलिसी अशी, की चूक कोणाची हे न विचारता जखमी मालकाच्या उपचारांचा खर्च कंपनीने द्यायचा. तिकडे मलमपट्टी झाल्यावर आईने पोराला इथे आणलं. मांडीचं हाड तीन ठिकाणी मोडलेलं. सोनलबाईंनी पहिलं ऑपरेशन केलं. साहिलने सही करून खर्च मागायचा हक्क हॉस्पिटलला दिला.

कंपनीने पैसे नाकारले आणि बाईंनी तालुक्याच्या कोर्टात दावा लावला. तेव्हा कंपनी काय म्हणाली? आम्ही पैसे देणं लागत नाही असं म्हणाली नाही. म्हणाली, आम्हाला इथे बोलवायचा या कोर्टाला अधिकारच नाही. आमचं इथे ऑफिस नाही, पॉलिसी इथली नाही, अपघात इथला नाही, आमचं कुणी इथे कामाला आलं नाही. भांडायचं तर अहमदाबादला या. चोराने ‘चोरी केली नाही’ असं न म्हणता ‘तुमच्या गावच्या पोलिसाने मला धरायचं नाही’ म्हणावं, तसला प्रकार.

पण कुणी आलं होतं. मितेश नावाचा कंपनीचा तपासनीस अधिकारी पहिल्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी येऊन साहिलच्या खाटेशी बसला होता, आणि कंपनीच्या छापील फॉर्मवर ‘उपचार सुरू ठेवा, खर्च कंपनी देईल’ असं लिहून सही-शिक्का मारून गेला होता. तो फॉर्म म्हणजे कंपनीने या हद्दीत केलेलं काम. एवढा एक कागद असला की कोर्ट कंपनीला इथे ओढू शकत होतं. दाव्याला त्याची झेरॉक्स जोडलेली होती. कंपनी म्हणाली, झेरॉक्स बनावट आहे, मूळ कागद दाखवा.

आणि साहिलच्या जखमेत पू झाला होता. दुसरं ऑपरेशन पंधरवड्यात झालं नाही, तर पाय मांडीपासून काढावा लागणार होता. त्या ऑपरेशनला मुंबईचा सर्जन लागणार होता आणि बाईंच्या हाती आता पैसा उरला नव्हता. दावा अहमदाबादला गेला की पाय गेला, इतका सरळ हिशेब.

“कपाट फोडलंय?” मी बाईंना विचारलं.

“नाही. कुलूप लावलेलं होतं. किल्ली अंबाजींच्या करगोट्याला सापडली.”

“दुसरी किल्ली?”

“हेतलकडे.”

३

हेतल बिलाच्या खिडकीशी बसते. श्रीवर्धनच्या व्यापारी घरातली, बोलायला चटपटीत. तिचा मामा विम्याची एजन्सी चालवतो, त्यामुळे हॉस्पिटलात तिच्याकडे बोटं आधीच वळली होती. मला बघितल्यावर तिने ड्रॉवर उघडून किल्लीचं बंद पाकीट टेबलावर ठेवलं.

“काका, ही घ्या. पाकीट बघा, बाईंच्या सहीची चिकटपट्टी आहे. जून महिन्यापासून उघडलेली नाही.”

पट्टी खरोखरच अभंग होती. जुन्या धुळीची रेघ तिच्यावर जशीच्या तशी.

“सोमवारी काय झालं ते सांग.”

“अकराच्या सुमाराला अंबाजीकाकांनी कपाट उघडलं. वकीलबाईंना कागद द्यायचे होते. एक फाईल चारदा चाळली त्यांनी. मी विचारलं, काय शोधताय? म्हणाले, काय नाय. मग कपाट बंद केलं, वॉर्डात गेले, पाच मिनिटांनी बाहेर आले आणि सायकल काढून देवळाच्या रस्त्याला लागले.”

“वॉर्डातून आल्यावर चेहरा कसा होता?”

हेतलने विचार केला. “रडवेला, काका. मला वाटलं साहिलचं काही जास्त झालं.”

आता बघा. ज्याच्या ताब्यातला एवढा महत्त्वाचा कागद गेला, तो माणूस काय करेल? आरडाओरडा करेल. हेतलकडे दुसरी किल्ली, तर आधी तिलाच फैलावर घेईल. अंबाजीने यातलं काहीच केलं नाही. बाई त्या वेळी ऑपरेशनमध्ये होत्या; तो थिएटरच्या दारापर्यंत गेला नाही, बाईंना निरोप ठेवला नाही. म्हणजे कागद कुठे गेला हे त्याला त्या पाच मिनिटांत कळलं होतं, आणि सांगणाऱ्याचं नाव त्याला चारचौघांत येऊ द्यायचं नव्हतं.

मी वॉर्डात डोकावलो. साहिल डोळे मिटून पडला होता. त्या खोलीतला वास मी सांगत नाही. सोनाबाई खाटेशी जमिनीवर बसली होती आणि तिच्या मागे एक गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. चादर, पातेलं, स्टोव्ह, सगळं त्यात.

“कुठे निघालीस, सोनाबाई?”

“कुठं न्हाय,” ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

४

देवळाच्या बाजूने डोंगराची प्रदक्षिणा करायची वाट आहे. दोन कड्यांच्या फटीतून पायऱ्या खाली खडकांवर उतरतात, मग समुद्राच्या कडेकडेने डोंगराला वळसा घालून माणूस पलीकडे वाळूच्या पुळणीवर निघतो. पायऱ्यांच्या तोंडाशी नीराबाई बेल आणि फुलं विकते. सत्तरीची असेल.

“सोमवारी अंबाजीला पाहिलंस?”

“व्हय. सायकल हितंच टाकली त्यानं. पावणेबाराला. त्याच्या म्होरं एक साहेब पायऱ्या उतरत व्हता, निळ्या शर्टातला. अंबाजी त्याच्या मागनं, भराभरा.”

“काही बोलले?”

“लांब व्हते. मी टोपली आवरून घरी चालले व्हते.”

“एवढ्या लवकर? सोमवती अमावास्या, गर्दीचा दिवस.”

म्हातारीने माझ्याकडे असं बघितलं की माझ्या पांढऱ्या केसांची तिला कीव आली असावी. “आवसेच्या भर दुपारी हितं माझं काय काम, बाबा? सकाळचा धंदा झाला व्हता. मंग पाचाला आले परत.”

“मग त्यांना हटकलं नाहीस?”

“साहेब येकला असता तर हटकलं असतं. अंबाजी संगं हाय म्हनल्यावर मी कशाला सांगू त्याला?” मग तिने टोपलीतली फुलं उगाच सारखी केली. “सांगाया पायजे व्हतं,” म्हणाली.

निळ्या शर्टाचा साहेब शोधायला मला फार फिरावं लागलं नाही. जमादाराच्या कागदातच त्याचा जबाब होता, त्याने स्वतःहून फोन करून दिलेला. आणि गुरुवारच्या तारखेसाठी तो बुधवारीच येऊन लॉजवर उतरला होता. मी गेलो तर त्याने खुर्ची पुढे केली, चहा मागवला. मितेश पस्तिशीचा असेल. मऊ बोलणारा, कपाळाला गंध.

“फार वाईट झालं, काका. मी पालीचा. बल्लाळेश्वराच्या गावचा माणूस, देवाधर्माची आवड आहे. सोमवारी सुट्टी टाकून दर्शनाला आलो होतो.”

“कंपनीच्या कामाला नाही?”

“छे. या तालुक्यात मी कंपनीच्या कामाला कधीच आलेलो नाही. तसं प्रतिज्ञापत्रच आहे माझं.”

“आणि अंबाजी?”

“तो पायऱ्यांवर भेटला. ओळख नाही, पाळख नाही. म्हणाला, चला, बरोबर प्रदक्षिणा घालू. पावणेबाराला उतरलो. बोलत बोलत, सावकाश, पाऊण तासात पूर्ण वळसा घालून पुळणीवर आलो. साडेबारा झाले असतील. तो म्हणाला, मी अजून एक घालतो. मी गाडी काढली. अडीचला माणगावला पेट्रोल भरलं, पावती आहे.”

मी चहा संपवला, त्याला नमस्कार केला आणि जिना उतरलो.  या माणसाने अंबाजीला मरताना पाहिलं होतं.

५

माझा जन्म पेणकडच्या मिठागरावरचा. आमच्या घरात कॅलेंडर तारखेसाठी नव्हतं, तिथीसाठी होतं. अष्टमीला पाणी मेलेलं, भांगाचं, म्हणजे भरती कमी. पुनवेला आणि अवसेला उधाण, आणि तेही भर दुपारी बारा-साडेबाराच्या सुमाराला. बाप त्या वेळी बांधाचं दार उघडून खाजणात पाणी घ्यायचा. हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही. नीराबाई म्हणूनच टोपली आवरून घरी गेली होती. अवसेच्या दुपारी प्रदक्षिणेची वाट पुरुषभर पाण्याखाली असते. त्या वेळी डोंगराला वळसा घालून कोणी पुळणीवर चालत येत नाही. येतं ते प्रेत, आणि तेही दुसऱ्या दिवशी.

पालीहून समुद्र लांब आहे. मितेशला सोमवती अमावास्या शंकराची एवढं माहीत होतं, पाण्याची नाही. पायऱ्या उतरताना आपल्याला कुणीतरी पाहिलं हे त्याला कळलं होतं, म्हणून उतरणं लपवता येईना. मग त्याने अख्खी प्रदक्षिणाच रचली. खरं तर तो त्याच पायऱ्यांनी परत वर आला होता, एकटा.

पण एवढ्याने फक्त त्याचं खोटं उघडं पडत होतं. तो कंपनीच्या कामाला आला होता हे कुठे ठरत होतं? तो म्हणेल, घाबरून खोटं बोललो, आलो होतो दर्शनालाच. साहिलचा पाय तिथेच अडकला होता.

मी परत वॉर्डात गेलो. गाठोडं अजून तसंच होतं. तांबड्या टॉवेलने पुसून काढलेलं पातेलं वरून दिसत होतं. हेतल म्हणाली, सोमवारी सकाळपासून बांधलेलं आहे. म्हणजे अंबाजी मरायच्या आधीपासून.

मी सोनाबाईसमोर जमिनीवर बसलो. माझ्या गुडघ्यांना ते परवडत नाही.

“गाडी कधी येणार होती, सोनाबाई?”

तिने गाठोडं आपल्याकडे ओढलं.

“मितेश साहेबाने सांगितलं असेल, साहिलला मुंबईला नेतो, तिथे ऑपरेशन करतो. फक्त तो कागद पाहिजे.”

“मूळ कागद लागंल म्हनला,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मला पुढे वाकावं लागलं. “मूळ कागद बगितल्याबगार मुंबईवाले दाकल करून घेत न्हाईत म्हनला. सांजच्याला गाडी येईल, सामान बांधून ठेव. मी देवाला जाऊन येतो म्हनला.”

“आणि किल्ली?”

“अंबाजीदादा सकाळी हितल्या इहिरीवर आंगुळीला जाताना किल्ली हितं खिळ्याला लावायचा. रोजचं हाय ते. सोताच्या भनीगत समजायचा मला.” तिने खिळ्याकडे बघितलं. “मला वाचाया येत न्हाय. पन त्या साहेबाचा शिक्का वळखत व्हते. त्योच काढून दिला.”

“अकराला अंबाजी तुझ्याकडे आला.”

“व्हय. बोलला न्हाय मला. येक वाकडा शबुद न्हाय. म्हनला, सोना, कुनाला सांगू नको, मी घेऊन येतो परत.”

साहिलचे डोळे उघडे होते. तो छताकडे बघत होता आणि त्याच्या कानापर्यंत पाणी ओघळलं होतं. त्याने सगळं ऐकलं होतं, किंवा त्याला सोमवारपासूनच माहीत होतं.

मला चीड आली. तिची नव्हे. साहेबाने मागितला कागद आणि दिला; आमच्याकडे सहीचा माणूस म्हणजे देव. शेकडो अंगठे मी स्वतः माझ्या समन्सवर घेतलेत, एकानेही मला वाचून दाखवा असं म्हटलं नाही. चीड आली ती मला हिला पुढे काय सांगावं लागणार याची.

“उद्या कोर्टात हे बोलावं लागेल. तो कंपनीचा माणूस म्हणून इथे आला, या खाटेशी बसला, कागद घेऊन गेला. हे पाहिलेली, आणि कोर्टापर्यंत चालत येऊ शकणारी, आता तू एकटीच आहेस.”

“भागुबाई आसंल तितं?”

भागुबाई म्हणजे अंबाजीची बायको. “असेल,” मी म्हणालो. “वकीलबाईंनी तिला बोलावलंय.”

सोनाबाईने गाठोड्याची गाठ सोडायला घेतली. ती सुटेना. मी उठलो तेव्हाही ती सोडतच होती.

६

गुरुवारी मितेश साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला तो छान इस्त्रीच्या कपड्यांत. आमच्या वकीलबाई कल्पिता वयाने लहान, पण घाई न करणाऱ्या. मी त्यांना सकाळी सगळं सांगितलं होतं.

“सोमवारी हरिहरेश्वरला कशासाठी आला होतात?”

“दर्शनासाठी.”

“प्रदक्षिणा केलीत?”

“हो. पूर्ण. पावणेबारा ते साडेबारा.”

“वाट कोरडी होती?”

“थोडी ओलसर होती. चपला हातात घेतल्या.”

कोर्टात चुळबुळ झाली. शिपायाने दारातून मान आत घातली. लिहिणाऱ्या कारकुनाचं बोट यंत्रावर थांबलं. मागच्या बाकावर दुसऱ्याच दाव्यासाठी आलेले चार कोळी बसले होते, ते एकमेकांकडे बघायला लागले. त्या खोलीत मितेश आणि त्याचे अहमदाबादचे वकील सोडले, तर समजलं नाही असं कुणी नव्हतं. न्यायाधीशसाहेबांनी चष्मा काढला.

“अमावास्येला?” त्यांनी विचारलं.

“हो साहेब, सोमवती.”

कल्पिताबाईंनी भरतीच्या वेळांचं छापील पत्रक पुढे ठेवलं आणि मितेशलाच वाचायला सांगितलं. त्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. त्याच्या कपाळावरचं गंध घामाने ओघळायला लागलं.

नंतर सोनाबाईला बोलावलं. पहिल्या रांगेत भागुबाई बसली होती, कुंकू पुसलेली, चार दिवसांत वाळून गेलेली. सोनाबाई तिच्याकडे न बघता उभी राहिली आणि सगळं बोलली. खिळ्यावरची किल्ली, शिक्क्याचा कागद, मुंबईची गाडी. ‘मी चोरला’ हा शब्द तिने स्वतः वापरला, तो कुणी तिच्या तोंडात घातला नाही. दादा मला एक वाकडा शब्द बोलला न्हाय, हेही सांगितलं.

मागच्या दाराशी जमादार येऊन उभा राहिला होता. मितेशने त्याला पाहिलं आणि त्याचा धीर सुटला.

“मी ढकललं नाही त्याला,” तो म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं. त्याचे वकील अर्धे उठून त्याला गप्प बसा, गप्प बसा म्हणत होते. “मला कंपनीने पाठवलं होतं. मूळ कागद घेऊन ये, नाहीतर नोकरी जाईल म्हणाले. मी कामालाच आलो होतो. त्याने हात धरला माझा, म्हणून मी कागद पाण्यात टाकला, एवढंच. प्लास्टिकच्या पिशवीत होता, तरंगत होता. तो त्याच्यामागे उतरला. मी नको म्हणालो.”

“आणि मग?” न्यायाधीशांनी विचारलं.

“दोनदा डोकं वर आलं. मग नाही.”

“तुम्ही कुणाला हाक मारलीत?”

मितेशने मान हलवली, नाही म्हणून. वर नीराबाई अजून घरच्या वाटेवर, हाकेच्या अंतरात असणार. खालच्या आळीत कोळ्यांची घरं, होड्या. एक हाक पुरली असती. पण हाक मारली असती तर तो इथे कशाला आला होता हे सांगावं लागलं असतं. कंपनी हद्दीबाहेर राहावी म्हणून त्याने ती हाक गिळली होती, आणि आता स्वतःची मान सोडवायला त्याने तीच कंपनी हद्दीत आणून उभी केली. मी एकतीस वर्षं समन्स बजावली. कुणाला इतकं पक्कं बजावलेलं पाहिलं नाही.

न्यायाधीशसाहेबांनी आदेश लिहून घ्यायला सांगितला. कंपनीचा अधिकारी कंपनीच्या कामासाठी या कोर्टाच्या हद्दीत आला होता, सबब दावा इथेच चालेल. मग त्यांनी जमादाराला पुढे यायची खूण केली.

७

बाहेर व्हरांड्यात सोनाबाई भागुबाईच्या पायांवर पडली. भागुबाईने पाय मागे घेतले. ती रडली नाही, ओरडली नाही. व्हरांड्यातले सगळे लोक दुसरीकडे बघत होते आणि ऐकत होते.

“ऊठ,” ती म्हणाली. “तुज्या जागी मी आस्ते तर मीबी दिला आस्ता. पोर हाय.”

सोनाबाई उठेना.

“पाय वाचंल त्याचा. वाचूं दे. पन यक कर. त्यो चालाया लागला म्हंजी त्याला आमच्या आळीतनं नेऊ नको. मला बगवायचं न्हाय.”

कंपनीने अब्रूला भिऊन आठवड्याच्या आत पैसे भरले. ऑपरेशन झालं, साहिलचा पाय राहिला. आता तो काठी घेऊन चालतो. महिन्यातून एकदा त्याला तपासणीला हॉस्पिटलात यावं लागतं. त्यांच्या घरापासून एसटीच्या थांब्याला जाणारा रस्ता एकच, भागुबाईच्या दारावरून, पाच मिनिटांचा.

सोनाबाई त्याला शेतांच्या बांधावरून नेते. अर्धा तास लागतो, मध्ये दोनदा बसावं लागतं. साहिल आईच्या मागून काठी टेकत चालतो.